उशाला चप्पल घेऊन झोपणारा पग

जनावरांचा दवाखाना : वाचकांची पत्रं, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात लॅब्रडॉरच्या वजनावर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. आजार वेगवेगळे, पण वाचता वाचता लक्षात आलं की सगळे एकाच विहिरीचं पाणी पिऊन आलेत : जात ‘शुद्ध’ आणि देखणी ठेवायची म्हणून माणसानं नात्यातल्या नात्यात केलेली कुत्र्यांची पैदास. म्हणून या वेळी जंत, गोचीड आणि केसगळती बाजूला ठेवली. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, तेव्हा फक्त गावं देते.

आमचा पग तीन वर्षांचा, नाव मोदक. एवढा घोरतो की शेजारच्या काकू विचारतात, पाहुणे आलेत का? झोपताना त्याला आमच्या ह्यांची चप्पल लागते. तिच्यावर हनुवटी टेकली की मगच झोप. त्याचा व्हिडिओ बघून सगळे हसतात. परवा संध्याकाळी पाचला कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत चालत नेला, तर मध्येच बसला आणि जीभ निळसर झाली. दहा मिनिटांत बरा झाला. उन्हामुळं झालं असेल का? घोरणं पगमध्ये नॉर्मलच असतं ना? (विश्रामबाग, सांगली)

चपलेपासूनच सुरुवात करते. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे आणि तुम्ही ती गंमत म्हणून लिहिली आहे. मोदकला चपलेचा लळा नाही. हनुवटी उंच राहिली की घशातली वाट थोडी मोकळी होते, हे त्याचं त्याला कळलंय. मान खाली गेली की श्वास अडतो आणि झोप मोडते. माझ्याकडं येणारा एक पग सोफ्याच्या हातावर तोंड ठेवून बसल्या बसल्या झोपायचा. दुसरा तोंडात रबरी चेंडू धरून झोपायचा, कारण चेंडूमुळं तोंड उघडं राहतं. त्याच्या घरच्यांनीही व्हिडिओ केले होते. मी तो व्हिडिओ आवाज बंद करून त्यांना परत दाखवला आणि फक्त बरगड्यांकडं बघा म्हणाले. मग कुणी हसलं नाही.

पगचं तोंड चपटं करताना माणसानं हाड आखूड केलं, पण आतला मऊ भाग त्या मानानं आखूड झाला नाही. वाड्यातलं शिसवी कपाट वन-आरकेत घुसवावं तशी आत दाटी. टाळूचा मागचा मऊ पडदा लांब पडतो आणि श्वासनळीच्या तोंडावर लोंबतो. तुम्हाला जे घोरणं ऐकू येतं, तो या पडद्याचा आवाज. आज एक करा. मोदक शांत बसलेला असताना जमिनीवर त्याच्यासमोर बसा आणि नाकपुड्या बघा. गोल भोक दिसतं की स्वल्पविरामासारखी नुसती फट? श्वास घेताना नाकपुडीची कड आत ओढली जाते का? तसं असेल तर तो दिवसभर नाक चिमटीत धरल्यासारखा श्वास घेतोय.

आता उन्हाचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि मोदकची नेमकी तीच यंत्रणा बिघडलेली आहे. त्यात आपला एप्रिल. पाच वाजता सावली येते, पण डांबर तापलेलंच असतं आणि त्याचं पोट डांबरापासून वीतभर. जीभ निळी पडली याचा अर्थ रक्तात ऑक्सिजन कमी पडला. दहा मिनिटांत सावरला हे तुमचं नशीब. पुन्हा झालं तर साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि तसाच भिजलेला उचलून दवाखान्यात या. ताप १०६ फॅरनहाइटच्या वर गेला की आतडी, मूत्रपिंड, मेंदू सगळ्यांवर बेततं.

‘नॉर्मल’ या शब्दावर मी थोडी चिडते, राग मानू नका. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावात सगळ्यांचेच दात डागाळलेले असतात, म्हणून दातांचा खरा रंग तोच का? विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकारानं १७४५ साली आपल्या पगबरोबर स्वतःचं चित्र काढलं होतं. नेटवर शोधून बघा, त्या पगला चक्क नाक आहे. पुढं इंग्लंडात कुत्र्यांची प्रदर्शनं सुरू झाली, पहिलं न्यूकॅसलला १८५९ साली. १८७३ मध्ये तिथं केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारी संस्था, निघाली, जातींच्या वह्यांत बाहेरच्या रक्ताची नोंद बंद झाली, आणि परीक्षकाला जे तोंड आवडलं त्याचीच पिल्लं जास्त निघायला लागली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ साली हिशोब मांडला : ब्रिटनमध्ये पग दहा हजारांच्या घरात, पण जनुकांचं वैविध्य पन्नासएक कुत्र्यांएवढंच. आपल्याकडं त्या मोबाईलच्या जाहिरातीनंतर पग गल्लोगल्ली आला, तो याच गोतावळ्यातून.

करायचं काय? आधी वजन. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. गळ्यातला पट्टा काढून छातीचा घ्या. फिरणं सकाळी सहाला आणि रात्री नऊनंतर. मग दवाखान्यात आणा, तीन मिनिटं दुडक्या चालीनं पळवून आधी आणि नंतर घशाचा आवाज स्टेथोस्कोपनं ऐकू. केंब्रिजच्या डॉक्टरांनी चपट्या तोंडाच्या कुत्र्यांसाठी हीच पद्धत बसवली आणि तिथला केनेल क्लब २०१९ पासून ती वापरतो. प्रतवारी शून्य ते तीन. मोदक दोन-तीनमध्ये निघाला तर नाकपुड्या रुंद करणं आणि टाळू कापणं असं ऑपरेशन करता येतं, आणि ते तरुणपणी केलेलं बरं. आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते : कुणी मेटिंगसाठी मागायला आलं तर मोदकला देऊ नका.

आमचा लॅब दहा महिन्यांचा, ३८ किलो. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो. सकाळी उठताना पुढच्या पायांवर अंग ओढतो. एक्स-रेत खुब्याचा आजार निघाला. पहिल्या दिवसापासून कॅल्शियम पावडर, अंडी, दूध, कशालाच कमी केलं नाही. मग चुकलं कुठं? आई म्हणते, नव्या गुळगुळीत टाइल्समुळं झालं. (मिरज)

आईंचं थोडं बरोबर आहे. पण मूळ टाइल्सच्या आधीचं आहे, पिल्लू तुमच्या घरी यायच्याही आधीचं.

मांडीच्या हाडाचं गोल डोकं खोबणीत कसं बसायला हवं? वाटीत लाडू बसावा तसं. तुमच्या कुत्र्यात वाटीची बशी झाली आहे आणि लाडू घरंगळतो. घरंगळून घरंगळून कडा झिजतात, सांध्यात हाडं वाढतात, मग वात. यामागं एक जनुक नाही, बरीच आहेत, त्यामुळं रक्ताच्या एका तपासणीत पकडता येत नाही. उपाय जुनाच, पैदाशीच्या नर-मादीचे एक्स-रे काढायचे आणि वाईट खुब्यांचं वेत धरायचं नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला शून्य ते ५३ गुण देतात, दोन्ही मिळून १०६. जितके कमी तितका खुबा चांगला. तुम्हाला पिल्लू देणाऱ्यानं नराचे कप आणि फिती दाखवल्याचं तुम्ही पत्रात लिहिलंय. एक्स-रेचं नाव नाही.

आता तुमची बाजू, स्पष्ट बोलते. वाढ पूर्ण झालेला नर लॅब साधारण २९ ते ३६ किलोचा असतो. तुमचा दहाव्या महिन्यातच ३८. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम देणं हा आपल्याकडचा हौशी उद्योग आहे. त्यानं हाडं मजबूत होत नाहीत, वाढ वेडीवाकडी होते. डबा आजच बंद करा. अमेरिकेत ४८ लॅब्रडॉरवर जन्मभर प्रयोग झाला, निष्कर्ष २००२ साली छापून आले. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या, त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांध्याचा त्रास उशिरा सुरू झाला. वाईट खुबा घेऊन जन्मलेल्या कुत्र्यासाठी यापेक्षा स्वस्त औषध माझ्याकडं नाही.

तो सारखा मागतो, मन मोडवत नाही, हेही लिहिलंय. लॅब हावरट असतो त्यालाही कारण आहे. केंब्रिजमध्येच २०१६ साली सापडलं की सुमारे पाव हिश्श्याच्या लॅब्रडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळं पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणजे त्याचे डोळे तुम्हाला फसवत नाहीत, त्याला खरोखर भूक लागल्यासारखं वाटत असेल. तरीही देऊ नका. काकडी द्या, गाजर द्या.

टाइल्सवर जुन्या चटया अंथरा. पोहणं या कुत्र्यांना उत्तम, पण शेततळ्यात किंवा टाकीत, माणूस बरोबर ठेवून. कृष्णेत नेऊ नका, मगरी आहेत. आणि घरात माणसांसाठी आणलेली दुखण्याची गोळी अर्धी करूनही देऊ नका. अशा अर्ध्या गोळीनं रक्ताच्या उलट्या करत आलेली कुत्री मी पाहिली आहेत.

कागद असलेल्या पिल्लाला दुप्पट पैसे सांगतात. कागद असला म्हणजे पुढं आजार होणार नाही असं धरून चालावं का? (तासगाव)

नाही. कागद म्हणजे सातबारा. जमीन कुणाच्या नावावर ते कळतं, विहिरीला पाणी आहे का ते कळत नाही. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला असेल तर पिल्लाचे आजे-पणजे कोण हे समजतं, आणि त्याचा एक उपयोग जरूर करा : एकच नाव दोन्ही बाजूंना दोन-तीनदा आलंय का ते शोधा. आलं असेल तर पैसे खिशात ठेवा.

तुम्ही द्राक्षं घेणारे लोक, पेटी उघडून खालचा थर बघितल्याशिवाय भाव करत नाही. इथंही तेच. पिल्लू नंतर, आधी आई बघा. ती चालते कशी, श्वास कसा घेते, अनोळखी माणसाला बघून थरथरते का. बुलडॉग असेल तर विचारा, वेत आपसूक झालं की सिझर? त्या जातीत बहुतेक वेतं पोट फाडूनच काढावी लागतात. डोकी मोठी, आईचा कटीभाग अरुंद. ‘आई फार्महाऊसवर आहे’ असं उत्तर आलं तर चहा घेऊन परत या. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. महिनाभराची पिल्लं खोक्यात घालून एसटीनं पाठवणारे आपल्या जिल्ह्यात आहेत. दोन्ही टोकांच्या लोकांना मी ओळखते.

डाल्मेशियन, नर, पाच वर्षांचा. लघवी तुंबली, ऑपरेशन करून खडे काढले. रोज कलेजी-भात घालतो, घरचं ताजं. आमच्या गल्लीतली गावठी कुत्री उकिरड्यावरचं खाऊन ठणठणीत, आणि याला खडे? (गोडोली, सातारा)

कलेजी थांबवा. आधी तेवढं करा, मग पुढचं वाचा.

इतर कुत्र्यांच्या शरीरात युरिक ॲसिडचं रूपांतर पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थात होतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. डाल्मेशियनचं होत नाही. एका जनुकात बिघाड आहे आणि या जातीच्या शुद्ध वंशात तो झाडून सगळ्यांत आहे. आपल्यालाही युरिक ॲसिड मोडता येत नाही, म्हणून तर आपल्याला गाऊट होतो. कलेजी, गुर्दा, भेजा यांतून युरिक ॲसिड भरपूर तयार होतं. त्याचे खडे बनतात, आणि नराच्या लिंगात हाड असतं त्याच्या मागं अरुंद जागेत जाऊन अडकतात. म्हणजे प्रेमानं घातलेलं ताजं जेवण नेमकं चुकीचं होतं. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही, याचा मला जास्त राग आहे. पाणी भरपूर पाजा, भातात पाणी घालून पातळ करा, दिवसातून चार-पाच वेळा लघवीला बाहेर न्या. खडे होऊ नयेत म्हणून गोळी मिळते, पण पथ्य न पाळता ती दिली तर दुसऱ्याच जातीचे खडे होतात. तेव्हा ती डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

यातली खरी गोष्ट पुढं आहे. रॉबर्ट शाइबल नावाच्या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञानं १९७३ साली एक डाल्मेशियन मादी पॉइंटर जातीच्या नराला दाखवली. एकदाच. नंतर दर पिढीला पुन्हा डाल्मेशियनशीच जोड. काही पिढ्यांत ठिपके, बांधा, चाल सगळं डाल्मेशियनचं, फक्त ते एक जनुक धड. खडे संपले. आता वाटेल की लोकांनी पेढे वाटले असतील. तर नाही. ‘रक्त बाटलं’ म्हणून वर्षानुवर्षं या कुत्र्यांची नोंद अडवून धरली. ब्रिटनमध्ये २०१० साली आणि अमेरिकेत २०११ साली दार उघडलं. एका पणजोबाच्या पणजोबासाठी जवळपास चाळीस वर्षं. सोयरीक मोडणारी माणसं मी आपल्याकडं खूप पाहिली, पण इतकी चिकाटी नाही पाहिली.

आणि गल्लीतली गावठी कुत्री. ती ठणठणीत दिसतात, कारण जी नव्हती ती तुम्हाला दिसायला शिल्लक नाहीत. पावसाळ्यात एका वेतात सहा पिल्लं असतात, दिवाळीला मोजा. जगला तो काटक हे खरं, पण पार्व्हो आणि डिस्टेंपर हे साथीचे आजार त्यालाही सोडत नाहीत. गावठी घेतलंत तरी लस चुकवू नका.

सायबेरियन हस्की घ्यायचा विचार आहे. खोलीला एसी आहे. (कराड)

लाइट गेल्यावर?

माझ्याकडं कारवानी या आपल्या देशी शिकारी जातीचा नर कुत्रा आहे, तालुक्यात असा दुसरा नाही. सशामागं सोडला की नजर ठरत नाही. आता त्याची लेक दीड वर्षाची झाली. लोक म्हणतात बाप-लेकीचंच वेत धर, रक्त पक्कं होतं. बरोबर आहे का? विलायती कुत्र्यांचे आजार आपल्या जातीला नसतात ना? सोबत फोटो पाठवतोय. (जत तालुका)

फोटो बघितला. लांबोडकं तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, दोन बरगड्या मोजता येतात अशी तब्येत. सुंदर जनावर आहे. पायाला धावण्याचं काम होतं म्हणून हा बांधा टिकला. आरशासमोर बसवून घडवलेला नाही. म्हणून विलायती आजार यात कमी दिसतात. पण ते जातीच्या नावामुळं नव्हे. तुमच्या आज्यानं पळणारं कुत्रं ठेवलं, न पळणारं ठेवलं नाही, म्हणून. तुम्ही आता जे करायला निघालात त्यानं चार पिढ्यांत ही कमाई उडेल.

माझी पहिली नेमणूक जत तालुक्यातलीच. एका धनगर आजोबांकडं भारी मेंढा होता, त्याची कोकरं लांबून ओळखू यायची. एक दिवस बघते तर मेंढा बाजारला चाललेला. मी नुकतीच डिग्री घेतलेली, मला हळहळ वाटली, म्हटलं, एवढा चांगला मेंढा का विकता? म्हणाले, “आता ह्याच्या लेकी माजावर येत्यात. ह्यो हितं नको.” एवढंच बोलून ते चालू लागले. कॉलेजात आम्हाला यावर अख्खं प्रकरण होतं.

त्या प्रकरणातला आकडा असा. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडं नवीन नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलात कुठलंही जनुक दोन्हीकडून तेच येण्याची शक्यता सव्वासहा टक्के. बाप-लेकीच्या पिल्लात २५ टक्के, म्हणजे चौपट. प्रत्येक जनावरात दोन-चार खोटी जनुकं झाकलेली असतात, जोडीचं खरं जनुक त्यांना झाकून ठेवतं. बाप आणि लेक एकत्र आले की झाकण निघतं. पहिल्या वेतात कदाचित काहीच दिसणार नाही, एखादं पिल्लू बापासारखं देखणं निघेल आणि लोक म्हणतील, बघा, रक्त पक्कं झालं. पुढं मादी गाभण राहायला त्रास देते, वेत लहान होतं, पिल्लं डोळे उघडायच्या आत जातात. तेव्हा माणसं बाहेरचं झालं म्हणून लिंबू उतरवतात.

दुसरा धोका तुमच्या पहिल्या ओळीत आहे, ‘तालुक्यात असा दुसरा नाही’. म्हणजे दहा गावांतून माद्या याच्याकडंच येणार, आणि दहा वर्षांनी तालुक्यातली सगळी कारवानी एकमेकांची सावत्र भावंडं असणार. परदेशात बऱ्याच जाती अशाच एकेका चॅम्पियनच्या नादानं आखडल्या. वर्षाला दोन-तीन माद्यांच्या वर देऊ नका, पैसे बुडाले तरी.

लेकीसाठी नर बाहेरचा शोधा. आटपाडीकडं बघा, सोलापूरकडं बघा. सीमेपलीकडं मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं कुत्र्यांचं संशोधन केंद्र आहे, तिथं मुधोळ हाउंडची पैदास नोंदी ठेवून होते. आपली कारवानी आणि त्यांचा मुधोळ यांचं नातं काय यावर जाणकार भांडत असतात, त्यात आपण पडायला नको. पण वही कशी ठेवायची हे बघायला जाच. वेताची तारीख, नर कोण, पिल्लं किती, जगली किती, एवढ्या चार रकान्यांची दोनशे पानी वही पुरते. लेकीला अजून सहा महिने थांबवलंत तर उत्तम.

सशामागं सोडणं मात्र बंद करा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ससा येतो, कुत्रं तुमचं असलं तरी गुन्हा तुमच्यावर. पळवायचं तर रिकाम्या माळावर दुचाकीमागं गोणपाटाचा तुकडा बांधून पळवा, त्याला तेवढाच आनंद होतो.

आणि त्या फोटोत त्याच्या गळ्यात निळी नायलॉनची दोरी आहे. तिच्याखालचे केस गेलेत, कातडी लाल दिसतेय. दोन बोटं आत जातील एवढी सैल करा, आणि जमलं तर या बाजारी कातडी पट्टा आणा, रुंद.